जुनी गाडी घरी रंगवायची? आधी तुमच्या तासाचा भाव काढा, मग रंगाचा



मागच्या व्हिडिओत आपण व्यवसायासाठी सेकंड हँड गाडी घेताना काय काय तपासायचं ते पाहिलं. त्यानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. "ताई, गाडी इंजिनाला मस्त आहे, पण दिसते भंगार. गॅरेजवाला रंगाचे पंचवीस हजार सांगतोय. घरच्या घरी मारता येईल का?"

येईल. माझं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे, त्यामुळे असं काम करणारे लोक काउंटरवर नेहमी भेटतात. काहींची गाडी दोन-तीन वर्षं व्यवस्थित चालते. काहींचा रंग पहिल्याच पावसात पापुद्र्यासारखा सुटतो. फरक रंगाच्या डब्यात नसतो, रंगाच्या आधी काय केलं त्यात असतो. आणि धंदा करणाऱ्याला त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, या कामातला कोणता भाग स्वतः केला तर पैसे वाचतात आणि कोणता केला तर उलट जातात.

उदाहरणाला आपण मारुती ओम्नी घेऊ. डब्यांचा व्यवसाय, बेकरी माल, भाजी, केटरिंग अशा कामांना हीच गाडी खूप जण घेतात. तिचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, म्हणजे बाजारात मिळणारी प्रत्येक ओम्नी आता जुनीच आहे.

रंगाआधी कागद

डबा विकत घेण्याआधी आरसी काढा आणि दोन गोष्टी बघा.

पहिली, तारीख. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. मुदत सहा महिन्यांवर आली असेल आणि गाडीचा पत्रा खालून सडलेला असेल, तर रंगावर केलेला खर्च वाया जाऊ शकतो. आधी गाडी तपासणीत टिकेल का ते मेकॅनिककडून बघून घ्या.

दुसरी, रंग. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारा आणि बदलाची नोंद करून घ्या, विमा कंपनीलाही कळवा. ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे लष्करी हिरवा, खासगी गाडीला चालतच नाही. गाडीवर दुकानाचं नाव मोठं लिहायचं असेल किंवा पांढऱ्या नंबर प्लेटवर मालवाहतूक करायची असेल, तर तेही तिथेच विचारून घ्या.

माझा सल्ला सरळ आहे. कमी बजेट असेल तर जो रंग आहे तोच ठेवा. कागदांची धावपळ वाचते. शिवाय दारांच्या आतल्या कडा, पायरी, डिकीचा आतला भाग रंगवावा लागत नाही. रंग बदलला की हे सगळं आलंच, नाहीतर दार उघडलं की जुना रंग दिसतो.

खरंच रंग हवा आहे का?

गाडीवरून बोट फिरवा. बोटाला पांढुरकी भुकटी लागते आणि रंग फक्त मळकट दिसतो, पण पत्र्याला धरून आहे? मग रबिंग कंपाउंड आणि वॅक्स पॉलिश मारून बघा. एक दिवसाचं काम आहे आणि खर्च अगदी थोडा.

पापुद्रे सुटत असतील, वरचा चकचकीत थर सोलला असेल किंवा रंगाखाली फोड दिसत असतील, तर पॉलिशने काही होणार नाही. फोड म्हणजे खाली गंज आहे.

एक साधा लोहचुंबकही फिरवून बघा. जिथे तो नीट चिकटत नाही तिथे आधीच्या मालकाने जाड पुट्टी भरलेली असते. अशा जागांवर खूण करून ठेवा, तिथे काम जास्त निघणार.

आता हिशेब

खालचे आकडे पद्धत कळावी म्हणून मी धरलेले आहेत. तुमच्या गावातले भाव टाकून पुन्हा मांडा.

घरी रंगवल्याचा खर्च फक्त सामानाचा नसतो. त्यात तीन गोष्टी येतात: रोख खर्च, तुमचे तास आणि गाडी उभी राहिल्याचा खर्च. या दिवसांत माल पोचवायला तुम्ही टेंपो भाड्याने घेणार, ते पैसे कोण धरणार? समजा ते भाडं दिवसाला ५०० रुपये आहे आणि तुमच्या तासाची किंमत १०० रुपये आहे.

* सगळं गॅरेजला: २५,००० रुपये, गाडी ५ दिवस बंद म्हणजे २,५००. एकूण २७,५००.
* सगळं घरी: सामान ७,०००, तुमचे ४० तास म्हणजे ४,०००, गाडी ८ दिवस बंद म्हणजे ४,०००. एकूण १५,०००.
* अर्धं-अर्धं: घासण्याचं आणि पुट्टीचं सामान ३,०००, तुमचे २४ तास म्हणजे २,४००, प्रायमर आणि रंग मारण्याचे मिस्त्रीला सामानासकट ९,०००, गाडी ६ दिवस बंद म्हणजे ३,०००. एकूण १७,४००.

आता यात फक्त तुमच्या तासाची किंमत बदला. ती २५० रुपये धरली तर "सगळं घरी" आणि "अर्धं-अर्धं" दोन्ही २१,००० वर येतात. २५० च्या वर गेलात की अर्धं-अर्धं स्वस्त. साधारण ५२० च्या वर गेलात की गॅरेजच स्वस्त.

म्हणजे ज्याच्या केटरिंगच्या ऑर्डरी चालू आहेत त्याने आठ दिवस वॉटर पेपर घासत बसणं ही बचत नाही. ज्याचा धंदा सुरू व्हायला अजून महिना आहे, त्याच्यासाठी तेच काम उत्तम बचत आहे. रात्री दुकान बंद झाल्यावर, नाहीतरी मोकळ्या असलेल्या वेळेत काम केलं, तर तासाची किंमत कमी धरा. पण शून्य धरू नका.

अर्धं-अर्धं या पर्यायाचा विचार लोक करतच नाहीत. गॅरेजच्या बिलात मोठा भाग मजुरीचा असतो आणि मजुरीतला मोठा भाग घासण्याचा, पुट्टी काढण्याचा आणि मास्किंगचा. या कामाला कौशल्यापेक्षा चिकाटी लागते, ती तुमच्याकडे आहे. गन मारायला मात्र हात बसलेला लागतो, कॉम्प्रेसर लागतो, बंद जागा लागते. तेवढं विकत घ्या.

मिस्त्रीशी असं बोला: "मिस्त्री, गंज काढून, पुट्टी घासून, गाडी तयार करून आणतो. तुम्ही प्रायमर आणि रंग मारायचा. किती घ्याल?" तो म्हणेल, "तुमच्या घासण्याची गॅरंटी मी कशी घेऊ?" त्याचं बरोबर आहे. म्हणून उघडा पत्रा दिसत असताना एकदा आणि पुट्टी घासून झाल्यावर एकदा, असं दोनदा त्याला दाखवा. तो म्हणेल तिथे पुन्हा घासा.

आणि या पर्यायात प्रायमर तुम्ही मारू नका. मिस्त्री एनसी किंवा टू-के रंग वापरतो, त्याचं थिनर जोरदार असतं. तुम्ही खाली ऑइल पेंटच्या जातीचा प्रायमर मारलात तर वरचा रंग पडताच तो सुरकुत्या धरून उचलला जातो. उघड्या पत्र्यावर लावायला थोडा प्रायमर त्याच्याकडूनच घेऊन ठेवा.

घरी कोणता रंग?

गॅरेजमध्ये तीन नावं ऐकू येतात.

टू-के पीयू हा सगळ्यात टिकाऊ, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क इथे काही कामाचा नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. त्यामुळे टू-केचा फवारा घरी मारायचा नाही. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर अजिबात नाही.

एनसी, ज्याला बरेच जण ड्युको म्हणतात, लवकर सुकतो. पण त्यालाही गन लागते आणि दमट हवेत तो पांढुरका पडतो.

तिसरा ऑइल पेंट, म्हणजे सिंथेटिक इनॅमल. लोखंडी गेटला मारतो तोच. हा फोमच्या रोलरने मारता येतो, गन लागत नाही, हवेत फवारा उडत नाही. म्हणून घरच्या कामाला हाच.

त्याच्या मर्यादाही ऐका. उन्हात काही वर्षांत चमक उतरते. पूर्ण कडक व्हायला कित्येक आठवडे लागतात. पुढे कुणाला त्यावर एनसी किंवा टू-के मारायचा असेल तर हा रंग बहुतेक खरवडून काढावा लागेल. मेटॅलिक रंग रोलरने जमत नाही, त्यातली चमकी सारखी बसत नाही. तेव्हा लवकर विकायची असलेली घरची कार या पद्धतीने रंगवू नका. रोज माल वाहणाऱ्या पांढऱ्या व्हॅनला हे चालतं. पांढऱ्यावर रोलरचे दोषही कमी दिसतात.

किती रंग लागेल?

टेपने मोजा. ओम्नीच्या दोन बाजू, टप, पुढचा आणि मागचा भाग, काचा वजा करून साधारण १२ ते १३ चौरस मीटर भरतात, म्हणजे १३० ते १४० चौरस फूट. चार हात मारायचे तर ५२ चौरस मीटर. गुळगुळीत पृष्ठभागावर लिटरला १० ते १२ चौरस मीटर धरलं तर साडेचार-पाच लिटर येतात. पण रोलरचे हात पातळ असतात, त्यामुळे ४ लिटरचा एक डबा पुरतो. कमी पडलाच तर १ लिटर नंतर आणा. आधीच दोन मोठे डबे घेऊन पैसे अडकवू नका.

काम कसं करायचं?

दिवस: दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. पावसाळ्यात नकोच. भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर रोलर फिरवला की रंग पसरायच्या आत आवळतो. दव सुकल्यावर सकाळी, सावलीत काम करा. आदल्या संध्याकाळी जमिनीवर पाणी मारा म्हणजे धूळ उडत नाही.

धुणं: आधी साबण-पाणी. सुकल्यावर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या. डॅशबोर्ड किंवा टायर चमकवायचं सिलिकॉनचं पॉलिश त्या आठवड्यात गाडीजवळ आणू नका. ते लागलेल्या जागी रंग धरत नाही, गोल गोल खळगे पडतात.

गंज: तारेचा ब्रश आणि ८० नंबर पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. "वरून पुट्टी मारली की झाकलं जाईल" असं करू नका. गंज आतून वाढत राहतो. स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, आरपार गेला तर तिथे वेल्डिंगने पत्र्याचा तुकडाच लावावा लागेल. उघडा केलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवायचा नाही. कोकणातल्या हवेत तर सकाळपर्यंत लाली येते. त्याच दिवशी पुट्टी किंवा प्रायमर लावा. घासायला एका वेळी एक-दोन पॅनलच घ्या.

पुट्टी: गाडीची पुट्टी हार्डनर घालून वापरतात, काही मिस्त्री तिला लांबी म्हणतात. १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम हार्डनर, डब्यावर दिलेलं प्रमाण पाळा. हार्डनर जास्त झालं तर पुट्टी लगेच दगड होते आणि पुढे तडकते. एका वेळी लिंबाएवढीच कालवा. थर पातळ ठेवा. ती कोरडीच घासायची, कारण पुट्टी पाणी पिते. लाकडी ठोकळ्याला १२० आणि मग १८० नंबर पेपर गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं तर खड्डे पडतात. या वेळी धुळीचा चांगला मास्क हवाच.

सगळी गाडी घासणं: ४०० नंबर वॉटर पेपर, पाणी आणि संयम. जुन्या रंगाची चमक कुठेही उरता कामा नये, चकाकत्या जागेवर नवा रंग चिकटत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून हे काम ओलंच करा. घासलेलं पाणी विहिरीजवळ किंवा भाजीच्या वाफ्यात जाऊ देऊ नका.

मास्किंग: दिवे, वायपर, हँडल, नंबर प्लेट निघतं तेवढं काढा. बाकीच्याला मास्किंग टेप आणि वर्तमानपत्राचे दोन पदर. साधी चिकटपट्टी वापरलीत तर उन्हात तिचा गोंद काचेवर बसतो, तो काढण्यात अर्धा दिवस जातो.

प्रायमर: ऑइल पेंटला चालणारा मेटल प्रायमर, पांढऱ्या रंगाखाली राखाडी किंवा पांढरा. सुकल्यावर ६०० नंबरने हलकं ओलं घासा, पुसा, पूर्ण वाळू द्या.

रंगाचे हात: चार इंची बारीक फोमचा रोलर घ्या, भिंतीचा केसाळ रोलर नको. रंगात थोडं थोडं टर्पेंटाइन घालून दुधापेक्षा जरासा घट्ट ठेवा आणि मलमलच्या कापडातून गाळून घ्या. आधी मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात करून बघा. ओघळ आला तर रंग फार पातळ झालाय, संत्र्याच्या सालीसारखा आला तर फार घट्ट. एका वेळी एक पॅनल पूर्ण करा आणि शेवटी हलक्या हाताने एकाच दिशेने रोलर फिरवा.

पहिला हात भयंकर दिसतो. खालचं सगळं दिसतं, चट्टे दिसतात. तो तसाच दिसणार, त्यामुळे घाबरून जाड थर चढवू नका, जाड रंग ओघळतो आणि आत ओला राहतो. रात्रभर सुकू द्या. दोन हात झाले की ६०० ते ८०० नंबरने हलकं ओलं घासा, मग पुढचे दोन हात. शेवटच्या हातानंतर रंग कडक व्हायच्या आत टेप तिरकी ओढून काढा.

पहिला आठवडा गाडी धुवायची नाही. पॉलिश करायचं असेल तर किमान महिनाभर थांबा.

आणि आगीचं लक्षात ठेवा. जवळ शेगडी, गॅस, विडी-सिगारेट काही नको. रंगाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत ठेवा.

कुठे वाचवायचं, कुठे नाही

रंगाच्या ब्रँडमध्ये थोडं वाचवा. मजुरीत वाचवा. पूर्ण गाडीऐवजी खराब झालेले पॅनलच करून वाचवा. लांबून गाडी एकसारखी दिसली की डबे पोचवायला पुरेशी आहे.

पेपर, प्रायमर, मास्किंग टेप आणि मास्क यांत मात्र वाचवू नका. काउंटरवर मी रोज बघते, चार हजारांचा रंग घेणारा माणूस पेपरच्या दहा शीटऐवजी चार मागतो. झिजलेला पेपर घासत नाही, नुसता फिरतो. मग तो चार हजारांचा रंग कशावर चिकटणार?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खेळतं भांडवल. तुमच्याकडे ४०,००० रुपये असतील आणि त्यातले २७,००० गाडीच्या चमकेवर गेले, तर पहिल्या महिन्याचा कच्चा माल कशातून आणणार? ग्राहक स्वच्छ गाडी बघतो, वेळेवर आलेला डबा बघतो. शोरूमची चमक त्याने मागितलेली नाही. गंज थांबलेला, गाडी स्वच्छ आणि बोर्ड वाचता येण्यासारखा, एवढं सुरुवातीला पुरे. चांगला रंग पुढे नफ्यातून करा.

या आठवड्याचा गृहपाठ: वहीत तीन ओळी मांडा, सगळं गॅरेजला, सगळं घरी आणि अर्धं-अर्धं. प्रत्येक ओळीत रोख खर्च, तुमचे तास आणि गाडी बंद राहिलेले दिवस लिहा. दोन गॅरेजमधून भाव आणा आणि एका मिस्त्रीला अर्ध्या कामाचा भाव विचारा. बेरीज झाल्याशिवाय डबा विकत घ्यायचा नाही, माझ्या दुकानातूनसुद्धा नाही!

पुढच्या व्हिडिओत गाडीवरचा बोर्ड: काय लिहायचं, किती मोठं लिहायचं आणि फोन नंबर कुठे टाकायचा. तोपर्यंत कामाला लागा.